फ्लेमिंगोंचा गुलाबी रंग केमिकलचा नव्हे

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ठाणे खाडीत कारखान्यांचं केमिकल उतरतं, म्हणून तिथले फ्लेमिंगो गुलाबी. चूक. खाडी घाण आहे हे खरंच, पण रंग येतो खाण्यातून. सूक्ष्म शैवाल आणि कोळंबीच्या जातीचे बारीक जीव यांतल्या कॅरोटिनॉइड नावाच्या नैसर्गिक रंगद्रव्यामुळे पिसं गुलाबी होतात. ऐरोलीहून खाडीत फ्लेमिंगो दाखवायला नेणाऱ्या बोटीतून नीट बघा: गुलाबी थव्यात मळकट राखी पक्षीही चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत असतात. ती अजून रंग न चढलेली पोरं. आणि हो, हे पाहुणे सैबेरियाचे नव्हेत. बरेचसे कच्छकडून येतात. बोटीची वेळ मात्र भरती-ओहोटीवर ठरते, आधी विचारून निघा.