कानपूरच्या भंगारातून उठलेली लिबरेटर आणि खरवडून टाकलेली वीस वर्षं

परदेशातल्या संग्रहालयांत दिमाखात उभी असलेली काही बी-२४ लिबरेटर विमानं आज शाबूत आहेत ती आपल्या कामगारांमुळे. तिथे जाऊन विमानावरचा रंग पाहिलात तर मात्र हे कळणार नाही, आणि मला ते खटकतं.

महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी अमेरिकेकडून मिळालेली ही चार इंजिनांची बॉम्बर विमानं कानपूरला मोडीत टाकली. पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम नासधूसही केली. १९४८मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४०मध्ये काढलेल्या कारखान्याने, त्यातली चाळीसेक विमानं उभी करायला घेतली. कानपुरात उडण्यापुरती डागडुजी व्हायची आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी एकेक विमान उडवत बंगळूरला न्यायचे. तिथे पूर्ण ओव्हरहॉल, म्हणजे सगळं सोडवून नव्याने दुरुस्ती. यात नशिबाचा भाग थोडाच. लिबरेटरचं चौदा सिलिंडरचं प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३० इंजिन डकोटा या मालवाहू विमानालाही असतं आणि डकोटा या कारखान्याच्या हातखंड्यातलं विमान. शिवाय शेजारच्या सांगाड्यांतून सुटे भाग काढता येत होते.

हवाई दलाने ही विमानं १९६८पर्यंत वापरली. पुण्याला लोहगावहून ती समुद्रगस्तीला जात. नंतर एक अमेरिकेतल्या टूसॉनला गेलं, एक कॅनडातल्या ओटावाला, एक ब्रिटनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) संग्रहालयात. आणखी एक १९८०च्या दशकात सुटं करून आधी ब्रिटनला, मग अमेरिकेत गेलं आणि १९८९मध्ये पुन्हा उडालं. बहुतेकांना युद्धकाळातले अमेरिकी किंवा ब्रिटिश रंग चढले. प्रेक्षकांना तेच हवं असतं, हे मान्य. पण रंग काढण्याआधी नोंद झाली नाही, तर भारतातली वीस वर्षं पत्र्यावरून कायमची जातात.

ही नोंद करायला फार खर्च येत नाही. पाण्याचा सँडपेपर घ्या, आधी ४००, मग ८००, शेवटी १५०० नंबर. तीन-चार सेंटीमीटरचा गोल उतरत्या कडेने घासला की रंगाचे थर एकात एक वर्तुळांसारखे दिसतात. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. शक्यतो जिथे क्रमांक किंवा गोल चिन्ह असे तिथेच घासा, कोऱ्या जागी हाती काही लागत नाही. मग पार्ट नंबर. लिबरेटरच्या मूळ भागांचा नंबर ३२ने सुरू होतो, कारण हे विमान बनवणाऱ्या कंपनीचं हे मॉडेल ३२. ज्या ठिगळावर तो नाही, रिव्हेटची ओळ वेगळी आहे, तिथे नंतरच्या दुरुस्तीचा हात शोधा. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरला की हातोडीचे ठोकेसुद्धा उठून दिसतात. शिक्क्यांवर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने छाप घ्या. डेटा प्लेट, म्हणजे विमानाची ओळख कोरलेली छोटी पट्टी, उचकटू नका. सुटी प्लेट संग्राहकांकडे जाते आणि विमान बेनाव होतं. जुन्या घड्याळांच्या चमकत्या डायलांवर रेडियम असतं, काच उघडायची नाही.

विमानासोबतच्या जुन्या कागदांचं आणि फोटोंचं नुकसान जास्त करून प्रेमापोटी होतं. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. डिंक पिवळा पडून शाई खातो. ६०० डीपीआयवर टिफ फाइलमध्ये स्कॅन करा आणि फोटोच्या मागचं लिखाणही घ्या. ज्या निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येतो ती तातडीने वेगळी काढा, तिच्यामुळे बाकीच्याही खराब होतात.

माणसांकडे आधी जायला हवं. १९४८चे फिटर आता क्वचितच भेटतील, त्यांच्या घरच्या ट्रंकाच धुंडाळाव्या लागतील. पण लोहगावला १९६८मध्ये विशीत असलेले मेकॅनिक आज सत्तरीच्या शेवटाला किंवा ऐंशीत आहेत. त्यांना "कसं वाटायचं?" विचारलंत तर दोन वाक्यांत उत्तर संपतं. इंजिनाचा मोठा फोटो पुढे ठेवा आणि विचारा, प्लग बदलताना कुठला पाना बसत नसे, तेल कुठून गळायचं, सुटा भाग मिळाला नाही तर काय करायचात. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) फाइलमध्ये ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत मूळ म्हणून जपू नका. फोटोवर त्यांनी बोट ठेवलं की तो भाग कुठला ते तुम्ही मोठ्याने बोला, नाहीतर पुढे ऐकणाऱ्याला नुसतं "हे इथलं" एवढंच ऐकू येतं.