बिजलीचे दात आणि दीड हजारांची बचत

आमचे अण्णा दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेला एकमुखी दत्ताच्या दर्शनाला गेले, आणि येताना प्रसादाऐवजी तिथल्या घोडेबाजारातून घोडी घेऊन आले. नाव बिजली. वागते पण शेतातल्या बिजलीसारखीच, म्हणजे आपल्याला पाहिजे तेव्हा नाही आणि रात्री दोनला फुल.

तर मागच्या महिन्यात ही चारा चघळून चघळून त्याचे ओले गोळे खाली टाकायला लागली. गावातल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला, ते म्हणले दातांचं दिसतंय, नाशिकला घोड्यांचं करणारे आहेत त्यांना विचारा. विचारलं. गावात येऊन केलं तर ३,०००, दवाखान्यात आणली तर १,५००. आमचं गाव निफाड तालुक्यात, नाशिक तीस-पस्तीस किलोमीटर, शेजारचा पप्पू पिकअप घेऊन १,२०० मध्ये यायला तयार. म्हणजे निव्वळ तीनशेचा फायदा! मी घरात असा काही सांगितला की जणू कारखान्याचा चेअरमन झालोय.

आता पिकअपचा हौदा कमरेइतका उंच, घोडीला काय शिडी लावणार? पप्पू म्हणला, उकिरड्याला लावू गाडी, लेव्हल बरोबर येते. लावली. पाय घसरू नये म्हणून हौद्यात माती, वर उसाचं पाचट, फाळका पाडला, सगळं तयार. बिजली उकिरड्यावर ऐटीत चढली, फाळक्यापाशी आली, पुढचा एक पाय उचलून पत्र्यावर टक टक वाजवून बघितलं, तो आवाज काही तिला पटला नाही, आणि मागे सरकली ती थेट शेणात, सोबत दोर धरलेला मी, गुडघ्यापर्यंत. असं चार वेळा. गूळ दाखवला तर मान लांब करून गूळ खाल्ला, पाय जिथल्या तिथे. मागून ढकला असं कुणीतरी म्हणलं, पण घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये हे सगळ्यांना पाठ, त्यामुळे जो तो दुसऱ्याला "तू जा ना" म्हणत होता. तोवर वीसेक माणसं जमली. घोडी कशी चढवायची हे घोडी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी आई आली, भरड्याची बादली घेऊन सरळ हौद्यात जाऊन बसली, कुणाशी एक शब्द नाही, आणि बिजली मुकाट तिच्यामागे आत. मग आईला खाली उतरवायला अर्धा तास गेला. उकिरड्यात पाय घालणार नाही म्हणे, आणि दुसऱ्या बाजूने उडी मारायचं तिचं वय नाही.

रस्त्यात मी मागे उभा, तिची मोहरकी म्हणजे तोंडाची दोरी धरून. चांदोरी गेल्यावर तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं ते नांदूर नाक्यापर्यंत, शर्ट लाळेने चिंब. सिग्नलला एक बाईकवाला विचारतो, "वरात कुठंय?"

दवाखान्याला चांगला सिमेंटचा उतार होता, त्यावरून उतरली ती नवरीसारखी, एक एक पाऊल टाकत. डॉक्टर म्हणले, किती शहाणी घोडी! मी काही बोललो नाही, पँट बोलत होती. गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर दोन-चार मिनिटांत मान खाली, खालचा ओठ लोंबतोय, अगदी कीर्तनातले अण्णा. मग तोंडात लोखंडी चौकट बसवली आणि डॉक्टरांनी मला बॅटरीने आतलं दाखवलं. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, दात वर्षानुवर्षं वर येत राहतात, आणि चघळताना वरच्या दाढांची बाहेरची कड नीट झिजत नाही, तिची धार होते आणि गालात घुसते. गालाला आतून लांबच लांब जखम होती. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं, बिचारी गूळ खात होती तरी कशी. मग लांब दांड्याची कानस घालून घासायला सुरुवात, आवाज असा की माझेच दात शिवशिवले.

गुंगी उतरेपर्यंत चारा नाही, गाडीत चढवायचं नाही. म्हणजे दोन-अडीच तास. तेवढ्यात आम्ही चौघांनी मिसळ खाल्ली, ४८० रुपये. नवा दोर आधीच १८० चा घेतलेला. आणि पैसे देताना डॉक्टर सहज म्हणतात, "अहो मी दर गुरुवारी पिंपळगावला येतोच की, तिकडच्या तीन-चार घोड्या एका ठिकाणी आणल्या तर माझी व्हिजिट सगळ्यांत वाटली जाते." त्या दिवशी बुधवार होता.

परतताना अर्धवट झोपेत आपणहून चढली. गावात अंधार पडता पडता पोचलो, उकिरड्याला गाडी लावली, फाळका पाडला, आणि बाईसाहेब उतरायलाच तयार नाहीत. आईने बादली दाखवली तर वरूनच मान घालून बादली रिकामी केली. पप्पूला पहाटे लासलगावला कांदे न्यायचे होते, तो नऊपर्यंत थांबला, मग वेटिंगचे ५०० सांगून गाडी तिथेच सोडून जेवायला गेला तो झोपलाच. मी दोर हातात धरून खाटेवर राखणीला.

रात्री दोनला कधीतरी पत्र्यावर टक टक झालं म्हणे, मला काही कळलं नाही. सकाळी बघतो तर दोराचं एक टोक माझ्या हातात आणि बिजली पप्पूच्याच मेथीच्या वाफ्यात, कराकरा चघळतेय. खाली गोळा एकही नव्हता. मेथीचे किती झाले ते पप्पूने अजून सांगितलेलं नाही.