एनर्जी सप्लिमेंट ‘बिनधास्त घ्या’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

थकवा घालवणाऱ्या गोळ्या, पावडरी आणि कॅप्सूल यांची तरफदारी करणारा एक संदेश सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. हे सगळं नैसर्गिक आहे, त्यामुळे अपाय होत नाही. जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात. कॉफी चालते तर हेही चालतं. विकायला परवानगी आहे म्हणजे कोणीतरी तपासलंच असणार. धोका असता तर एव्हाना बोभाटा झाला असता. घेतल्यावर अर्ध्या तासात तरतरी येते, म्हणजे शरीराला त्याची गरज होती. आणि शेवटी सल्ला: डॉक्टरांना विचारत बसू नका.

मी फार्मासिस्ट आहे. काउंटरपलीकडून हे दावे मी सतत ऐकते. ते करणारी माणसं कुणाला फसवायला आलेली नसतात, त्यांना खरोखरच बरं वाटलेलं असतं. म्हणून नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून भागणार नाही, एकेक दावा उघडून बघायला हवा.

‘नैसर्गिक आहे, म्हणून सुरक्षित आहे’

एफेड्रा ही वनस्पती चिनी वैद्यकात ‘मा हुआंग’ या नावानं शतकानुशतकं वापरली जाते. तिच्याइतकं नैसर्गिक दुसरं काय असणार? पण तिच्यातलं एफेड्रिन रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं. जाणकाराच्या देखरेखीखाली, ठरावीक आजारासाठी, मोजके दिवस घेतलेला काढा वेगळा. तिचाच अर्क काढून, त्यात कॅफिन मिसळून, ऊर्जेसाठी आणि वजन उतरवण्यासाठी रोज घेणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत हा दुसरा प्रकार सर्रास चालला आणि हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू यांच्या नोंदी साचत गेल्या. फेब्रुवारी २००३ मध्ये बॉल्टिमोर ओरिओल्स संघाचा २३ वर्षांचा बेसबॉलपटू स्टीव्ह बेकलर सरावात उष्माघातानं कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. शवचिकित्सा करणाऱ्या अधिकाऱ्यानं त्याच्या मृत्यूमागच्या कारणांत एफेड्राही धरलं. २००४ मध्ये एफडीए या अमेरिकी नियामक संस्थेनं एफेड्रिन असलेल्या सप्लिमेंटवर बंदी घातली. त्यानंतर अनेक उत्पादनांत एफेड्राच्या जागी कडू संत्र्याचा अर्क आला. त्यातलं सिनेफ्रिन रचनेनं एफेड्रिनच्या जवळचंच आहे.

कधीकधी तर ‘नैसर्गिक’ हे लेबलच खोटं असतं. डीएमएए हे रसायन १९४० च्या दशकात एली लिली कंपनीनं चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी पुढे आणलं होतं. ते औषध म्हणून मागे पडलं आणि काही दशकांनी व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींमध्ये ‘जिरेनियमचा अर्क’ म्हणून परत आलं. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ३० वर्षांची एक धावपटू शेवटच्या मैलात कोसळून गेली. तिनं पाण्यात डीएमएए असलेली पावडर मिसळली होती. अतिश्रमाच्या जोडीला हे रसायन, यामुळे हृदय बंद पडलं असावं, असा निष्कर्ष मृत्यूच्या चौकशीत निघाला.

इतकी टोकाची उदाहरणं बाजूला ठेवली तरी अर्काचा प्रश्न उरतोच. पेयातला ग्रीन टी बहुतेकांना मानवतो. त्याच पानांचा दाट अर्क कॅप्सूलमध्ये भरला की हिशोब बदलतो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये सांगितलं की, सप्लिमेंटमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीमधला एक मुख्य घटक) गेलं तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. अश्वगंधेच्या अर्कानंतर कावीळ झाल्याच्या घटनाही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. अशा घटना विरळा आहेत हे मान्य, पण ‘अपाय होऊच शकत नाही’ हा दावा त्यांच्यापुढे टिकत नाही.

‘जास्त झालेलं जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं’

हा दावा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच जास्त घातक आहे. बी-गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, हे खरं. बी-१२ जास्त झाल्यानं ठळक अपाय झाल्याचा पुरावा नाही, हेही खरं. गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते आणि माणसाला वाटतं, चला, जास्तीचं गेलं. तो पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ चा असतो. बाकीच्यांचं काय झालं, हे त्या रंगावरून कळत नाही.

बी-६ चं उदाहरण घ्या. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण १.३ मिलिग्रॅम. अमेरिकेत वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात. युरोपीय प्राधिकरणानं २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. मर्यादेपेक्षा जास्त बी-६ महिनोन्‌महिने पोटात गेलं तर संवेदना वाहून नेणाऱ्या नसांना इजा होऊ शकते. पायांच्या बोटांना मुंग्या, तळव्यांना बधिरपणा, पुढे चालताना तोल जाणं. लोक एकच गोळी घेत नाहीत, ही खरी अडचण. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-६ असतं, एनर्जी पावडरमध्ये असतं, मॅग्नेशियमच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही ते घातलेलं असतं. तिघांची बेरीज कुणी करत नाही. आणि मुंग्या यायला लागल्या की ‘बी कमी पडलंय’ असा सल्ला मिळतो आणि डोस वाढवला जातो! ज्यानं दुखणं आणलं तेच औषध म्हणून पुन्हा पोटात जातं. मुंग्या येत असतील तर आधी घरातले सगळे डबे एका जागी आणून त्यांवरचं बी-६ मोजा.

बी-गटातलंच नियासिन मोठ्या डोसमध्ये चेहरा लालबुंद करतं आणि यकृतालाही त्रास देऊ शकतं. याच गटातलं बायोटिन स्वतः फारसा अपाय करत नाही, पण रक्ततपासण्यांचे निकाल फिरवतं. हृदयविकाराच्या निदानासाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या काही चाचण्यांमध्ये बायोटिनमुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. एफडीएनं २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, तेव्हा अशा चुकीच्या निकालानंतर झालेल्या एका मृत्यूचाही उल्लेख केला होता. म्हणून रक्त द्यायला जाताना कोणती सप्लिमेंट चालू आहेत हे सांगायला विसरू नका.

लोह हे जीवनसत्त्व नाही, तरी ‘एनर्जी’च्या नावाखाली तेही दिलं जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात, हृदयात साठत जातं. लहान मूल असलेल्या घरात तर लोहाच्या गोळ्या कडीकुलपात हव्यात. मुलानं त्या गोड समजून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

‘कॉफी चालते, मग हे का नाही?’

निरोगी प्रौढ माणसाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन साधारणपणे चालतं, असं युरोपीय प्राधिकरणाचं २०१५ चं मत आहे. गरोदर स्त्रीसाठी दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम. आता एखाद्या नमुनेदार एनर्जी कॅप्सूलचं लेबल असं वाचा. वरच्या ओळीत ‘कॅफिन २०० मिलिग्रॅम’. खाली ‘एनर्जी ब्लेंड ८०० मिलिग्रॅम’, आणि त्यापुढे बारीक अक्षरात ग्वाराना, येर्बा माते, ग्रीन टी अर्क, कोला नट. या चारही वनस्पतींत कॅफिन असतं. ते वरच्या २०० मध्ये धरलंय की वेगळं, हे लेबल सांगत नाही. मिश्रणाचं एकूण वजन दिलेलं असतं, प्रत्येक घटकाचं नाही. ते कंपनीचं गुपित. त्याखाली ‘दिवसातून दोनदा’. म्हणजे नुसत्या वरच्या ओळीवर गेलात तरी ४०० झाले, दिवसभरातला चहा-कॉफी त्यावर. मी स्वतः अशा लेबलवरून एकूण कॅफिन काढू शकत नाही, आणि औषधांचे डोस मोजणं हे माझं काम आहे.

शिवाय गरम कॉफी माणूस घोटघोट पितो. छातीत धडधडायला लागलं तर कप खाली ठेवता येतो. कॅप्सूल गिळली की गिळली. सुटी कॅफिन पावडर तर त्याहून वाईट. एफडीएच्या हिशोबानं तिच्या एका चमचाभरात साधारण २८ कप कॉफीइतकं कॅफिन असतं. मोजताना हात जरा हलला तरी जीव जाऊ शकतो, आणि गेलेले आहेत.

कॅफिन प्रत्येकाच्या शरीरात सारखा वेळ राहत नाही, हे त्या संदेशात कुठेच नाही. सर्वसाधारण प्रौढात त्यातलं निम्मं संपायला पाचेक तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीमध्ये हा काळ जवळजवळ दुप्पट होतो, गरोदरपणाच्या शेवटी आणखी लांबतो. सिप्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक किंवा फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरचं औषध चालू असेल तर यकृताचं कॅफिन मोडण्याचं काम मंदावतं. काल चाललेला डोस आज या औषधांसोबत घेतला तर हात थरथरतात, धडधड होते, रात्रभर डोळा लागत नाही.

‘विकायला आहे म्हणजे तपासलेलं आहे’

अमेरिकेचा १९९४ चा कायदा सप्लिमेंटला अन्नाच्या गटात ठेवतो. बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित किंवा गुणकारी आहे अशी मान्यता एफडीएकडून घ्यावी लागत नाही. जबाबदारी कंपनीची, आणि अपाय दिसला तर सरकार नंतर हात घालणार. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत, पण नव्या औषधाला माणसांवरच्या चाचण्यांची जी चाळणी लागते, ती सप्लिमेंटला सहसा लागत नाही. २००७ ते २०१६ या काळात एफडीएच्या नोंदींमध्ये ७७६ भेसळयुक्त सप्लिमेंट आढळली. त्यांत लेबलवर न छापलेली खरी औषधं होती. बहुतेक लैंगिक क्षमता, वजन घटवणं आणि स्नायू वाढवणं यांसाठी विकलेली. लैंगिक क्षमतेसाठीचं सिल्डेनाफिल, वजन घटवण्याचं सिबुट्रामिन, स्नायू वाढवणारी स्टेरॉइड अशी द्रव्यं त्यांत सापडली. एनर्जीची उत्पादनं अनेकदा याच प्रकारांच्या शेजारी, त्याच आश्वासनांसह विकली जातात.

यूएसपी किंवा एनएसएफसारख्या स्वतंत्र संस्थेचा शिक्का असेल तर लेबलवर लिहिलंय तेच आत आहे, एवढा भरवसा धरता येतो. तुमच्या रक्तदाबाला ते चालेल का, याचं उत्तर त्या शिक्क्यात नसतं.

‘धोका असता तर बोभाटा झाला असता’

झालेला आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१५ साली आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की, सप्लिमेंटच्या त्रासामुळे एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे २३ हजार वेळा लोक इमर्जन्सी विभागात पोहोचतात. त्यातल्या धडधड, छातीत दुखणं, ठोके वाढणं या तक्रारींमागे मोठा वाटा वजन घटवणाऱ्या आणि ऊर्जेच्या उत्पादनांचा होता. गल्लोगल्ली चर्चा होत नाही याचं कारण साधं आहे: ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला लोक सप्लिमेंटचं नाव घेत नाहीत. त्यांच्या लेखी ते औषधच नसतं.

‘अर्ध्या तासात तरतरी येते, म्हणजे गरज होती’

मला सगळ्यात जास्त काळजी या दाव्याची वाटते.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि ते ‘आता थांब’ हा निरोप देतं. कॅफिन त्या निरोपाची जागा अडवून बसतं. शरीरात नवी ऊर्जा तयार होत नाही, थकवा कळेनासा होतो एवढंच. लोहाची किंवा बी-१२ ची कमतरता खरोखर असेल तर उपचार सुरू केल्यावर फरक पडायला दिवस, बहुधा आठवडे जातात. त्यामुळे अर्ध्या तासातली तरतरी ही कमतरता भरून निघाल्याची खूण नव्हेच. आत उत्तेजक आहे, याची ती खूण आहे.

आणि तो दाबलेला थकवा कशाचा होता? रक्तक्षय, थायरॉइडची मंदावलेली ग्रंथी, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणं, नैराश्य, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, क्षयरोग. यांतल्या अनेकांची पहिली तक्रार ‘हल्ली फार थकायला होतं’ अशीच असू शकते. बहुतेकांची चाचणी साधी आहे आणि उपचार आहेत. तरतरीवर काढलेले सहा महिने म्हणजे निदान सहा महिने लांबणं. फॉलिक अ‍ॅसिडचं तर आणखी वेगळं आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड भरपूर घेतलं तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

सप्लिमेंटला माझा सरसकट विरोध नाही. तपासणीत कमतरता निघाली असेल, प्राणिजन्य पदार्थ अजिबात खात नसाल आणि बी-१२ हवं असेल, गर्भधारणेच्या आधी आणि सुरुवातीला फॉलिक अ‍ॅसिड हवं असेल, तर ती घ्यायलाच हवीत. तिथे काय, किती आणि किती दिवस हे ठरलेलं असतं.

‘डॉक्टरांना विचारत बसू नका’

उच्च रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, थायरॉइड, यकृताचा जुना आजार, गरोदरपण, अठराच्या आतलं वय, रक्त पातळ करणारी किंवा मानसिक आजारावरची औषधं, यांतलं काहीही असेल तर विचारल्याशिवाय एकही उत्तेजक कॅप्सूल घेऊ नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. काही वनस्पतींचे अर्क दोन आठवडे आधी बंद करावे लागतात.

छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, ठोके चुकल्यासारखे वाटले, डोळे पिवळे झाले किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर डोस तिथेच थांबवून दवाखाना गाठा. जाताना डबा सोबत घ्या. नुसतं नाव सांगून पुरत नाही, कारण त्याच नावाखाली आतलं मिश्रण बदललेलं असू शकतं. डॉक्टरांना घटकांची यादी बघायची असते, आणि चौकशीची वेळ आली तर डब्याच्या तळाशी छापलेला बॅच नंबर लागतो. डबा रिकामा झाला असला तरी तो न्या.