भूत दिसलं तर भिईन की!

सोलापुरात आमच्या घरी सध्या एका गेमवरून दोन तट पडलेत. माझ्या भाच्याला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. अंधारात त्याला दिसत नाही आणि भर उजेडातही नळीतून बघावं तसं मधलं तेवढंच दिसतं. त्यानं मित्राच्या घरी 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा भीतीचा व्हिडिओ गेम खेळायला घेतला, सेटिंगमध्ये जाऊन कमी दिसणाऱ्यांसाठीचा हाय कॉन्ट्रास्ट चालू केला आणि त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. सगळं जग करडं, त्यात एक निळी आकृती आणि तिच्या अंगावर येणारी लाल माणसं. दाजींनी लगेच लिहिलं, "हा कसला भीतीचा खेळ? टीव्ही बिघडल्यासारखा दिसतोय." चुलतभाऊ म्हणाला, "सगळं रंगवून दाखवल्यावर भ्यायचं कशाला?" आणि मग दाजींचं नेहमीचं: "आधी परीक्षेचं बघ. खेळाचं मागनं."

मी बर्मिंगहॅममध्ये बसून दोन्ही बाजू ऐकते. मोठी बहीण मध्ये पडत नाही, ती शहाणी आहे. मी पडते.

चुलतभावाचा मुद्दा आधी घेते, कारण तो वरवर बिनतोड वाटतो. भीती ही अडचणीतूनच येते, अडचण काढली की भीती गेली. हे खरं असतं तर प्रत्येक अवघड गोष्ट भीतीदायक झाली असती. असे बरेच गेम सुरुवातीलाच उजेड ठरवायला लावतात: हे चित्र जेमतेम दिसेल इतपत ठेवा. तुमच्या-माझ्या डोळ्यांना जे जेमतेम दिसतं, ते भाच्याच्या दृष्टीनं बंद पडलेला टीव्ही. बंद टीव्हीला कोण भिईल? त्याचं उत्तर अस्सल सोलापुरी होतं. "मावशी, भूत दिसलं तर भिईन की!"

'अनटिल डॉन' हा 2015 चा गेम बघा. त्यात ऐन प्रसंगी कंट्रोलर हातात अजिबात न हलवता धरायचा असतो. हलला की पात्र सापडतं आणि जिवावर बेततं. कल्पना झकास आहे, पण ज्याचा हात आजारानं कापतो त्याच्यासाठी तो प्रसंग भीतीचा उरतच नाही. त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. त्याच कंपनीनं 2022 मध्ये 'द क्वारी' आणला, तेव्हा श्वास रोखण्याचे आणि झटपट बटण दाबण्याचे प्रसंग सोपे करायची सोय दिली. राक्षस होता तिथंच आहे.

'सोमा'चं उदाहरण तर आणखी बोलकं. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा हा समुद्रतळावरचा गेम 2015 मध्ये आला आणि 2017 मध्ये त्यात सेफ मोड आला. राक्षस आसपास फिरतात, पण तुमचा जीव घेत नाहीत. आता गेममध्ये राहिलं काय, असं वाटेल. तर राहतो तो प्रश्न: आपल्या मनाची नक्कल यंत्रात उतरवली, तर मागे उरलेला 'मी' कोण? मला राक्षसांपेक्षा त्याच प्रश्नानं जागवलं. ज्यांना पळापळ हवी, त्यांच्यासाठी जुना मोड तसाच आहे. दुसऱ्याच्या मेनूतली एक ओळ आपल्या भीतीतून काय कमी करते, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

बहिऱ्या माणसांसाठी लिहून येणाऱ्या ओळींबद्दलही हीच तक्रार ऐकू येते, की गंमत जाते. मी कान शाबूत असूनही त्या चालू ठेवते. दार बंद आहे आणि खाली अक्षरं येतात, 'पलीकडे कोणीतरी श्वास घेतंय'. बघा भीती जाते का!

गड्ड्याची, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेची, गोष्ट सांगायलाच हवी. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला होम मैदानावर पाळणे लागतात, तिथंच भूतबंगलाही. भाचा लहान असताना त्याला आत न्यायचं की नाही यावर ताई आणि दाजींची चर्चा झाली आणि शेवटी मीच घेऊन गेले. आत मिट्ट काळोख. मी भिंतीला धडकले, पुढची दोन पोरं रडायला लागली आणि हा पठ्ठ्या माझा हात धरून सरळ पुढे. आत सगळेच त्याच्याइतके आंधळे झाले होते आणि सरावाचा तोच एकटा. मग कानाशी कुणीतरी किंचाळलं, तेव्हा मात्र तो असा उडाला की बाहेर येईपर्यंत हसत होता. 2010 मध्ये 'पापा सांग्रे' नावाचा आयफोनवरचा गेम आला होता, पडद्यावर जवळजवळ काही नाही, सगळा खेळ हेडफोनमधल्या आवाजावर. त्याचं वर्णन वाचलं तेव्हा मला होम मैदानच आठवलं.

आता दाजी. त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. एका बँकेच्या ॲपनं या पोराला खातं उघडताना चौकटीत चेहरा धरा, डोळे मिचकवा म्हणून अर्धा तास छळलं. चौकट त्याला दिसतच नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं 30 एप्रिल 2025 ला असल्या केवायसीबद्दलच, म्हणजे ओळख पटवून घेण्याबद्दलच, निकाल दिला, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. तरी खिडकीवरचा माणूस म्हणतो, "घरच्या कुणाला तरी घेऊन या." असं असताना गेमचं काय घेऊन बसलीस, हा दाजींचा सवाल.

पण या रांगेत करमणुकीचा नंबर कधी लागतच नाही. आपल्याकडे अपंग माणसाला औषध द्यायला, सवलतीचा पास द्यायला, व्यासपीठावर शाल द्यायला सगळे तयार असतात. त्यानं चैन म्हणून काही मागितलं की भुवया वर जातात. कायद्याचं तसं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 29 संस्कृती आणि मनोरंजनाबद्दलच आहे. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं 'पठाण'च्या निर्मात्यांना ओटीटीसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन (पडद्यावर काय चाललंय ते बोलून सांगणारा आवाज) आणि सबटायटल्स करायला सांगितली. म्हणजे पिक्चरपर्यंत आपण आलो. गेम म्हटलं की मात्र चर्चा व्यसन, पैसे लावणं आणि बंदी यांच्यापुढे सरकत नाही. 2025 चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला तेव्हाही घरोघर बोलणं झालं ते पैशांच्या गेमचंच.

इकडे ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असं समजू नका. इथल्या थिएटरात ऑडिओ डिस्क्रिप्शनचा हेडफोन मागितला तर मिळतो, पण माझ्यासोबत आलेल्या मैत्रिणीला मिळालेला चार्जच केलेला नव्हता आणि बदलून देईपर्यंत अर्धा पिक्चर गेला. 2025 मध्ये याच देशाच्या सरकारनं अपंगांच्या भत्त्याचे निकष कडक करायचा घाट घातला होता. स्वतःच्याच खासदारांनी डोळे वटारले म्हणून ते मागे हटलं.

आणि 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये 2020 साली साठाहून जास्त सोयी आल्या, त्या कुठल्या कायद्याच्या बडग्यानं नव्हेत. ब्रँडन कोलसारखे अंध खेळाडू सल्लागार म्हणून गेम बनत असतानाच सोबत होते. त्यामुळे एक बटण दाबलं की कॅमेरा पुढच्या वाटेकडे वळतो, कड्यावरून पाय घसरत नाही, उडी कुठं मारायची आणि वस्तू कुठं उचलायची याचे आवाज वेगवेगळे, आणि ते आधी ऐकून पाठ करता येतात. गेम बनल्यावर हे वरून चिकटवता आलं नसतं. बँकेच्या ॲपवाल्यांनी शिकायचं ते हेच, म्हणून दाजींची रांग मला उलटीसुद्धा लावता येते.

भाच्यानं यात एक गंमत केली. शत्रू मंदावण्याची सोय त्यानं पहिल्याच दिवशी बंद केली, कॉन्ट्रास्ट मात्र तसाच ठेवला. सध्या रुग्णालयाच्या तळघरात अडकलाय, रोज मरतोय आणि सोपं कर म्हटलं तर चिडतोय.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मेनू वाचून दाखवणारा आवाज मराठी बोलत नाही. भाच्याचं इंग्रजी बरं म्हणून निभावलं. विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, त्याच्या दुसऱ्या मित्राला तेही नाही, आणि गेम खेळायचं ते महागडं यंत्र तर लांबच. त्याच्या हातात फोन आहे. फोनचा टॉकबॅक, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा आवाज, मराठी बोलतो, पण गेम उघडला की बहुतेक वेळा गप्प होतो, कारण आतली बटणं म्हणजे त्याच्या लेखी नुसतं चित्र. हे दुरुस्त करायला कॅलिफोर्नियातली बडी गेम कंपनी लागत नाही. आपल्याकडे पोरं इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला दरवर्षी तीच ती हजेरीची ॲपं बनवतात. एखाद्या गटानं फक्त आवाजावर चालणारा, मराठी बोलणारा भूतबंगला बनवावा. तपासायला भाचा फुकट येईल, परीक्षा झाल्यावर. तेवढं मी दाजींना कबूल केलंय.