बॉस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा आसामचा नव्हता

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री अमेरिकेतल्या बॉस्टनकरांनी समुद्रात फेकलेला चहा ‘आपल्या आसामचा’ होता आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आला होता, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

चहा कंपनीचाच, पण चीनमधला. तो चीनच्या कॅंटन बंदरात कंपनीच्या जहाजांवर चढे आणि आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून कित्येक महिन्यांनी लंडनच्या वखारीत पोचे. फेकलेल्या सुमारे ३४० पेट्यांपैकी २४० पेट्यांत ‘बोही’ होता. हा काळा चहा मूळचा फूच्यान प्रांतातल्या वूयी डोंगरांतला. आसामचा चहा लंडनच्या लिलावात आला तो थेट १८३९ मध्ये. तेव्हा कुणाचा तरी अभिमान सुखावतो म्हणून इतिहासात पासष्ट वर्षं इकडची तिकडे करू नयेत, ही कळकळीची विनंती.

राहिली लंडनहून बॉस्टनला चहा आणणारी जहाजं. डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर ही तिन्ही खासगी मालकीची, अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींतल्या व्यापाऱ्यांची होती. डार्टमथ तर तिथल्याच नॅनटकेट बेटावरच्या रॉच कुटुंबाचं. जाताना त्यानं लंडनला देवमाशाचं तेल नेलं होतं, परतीच्या फेरीत कंपनीचा चहा भाड्यानं भरला. चहा फेकणाऱ्यांनी जहाजांना मात्र धक्का लावला नाही.