शिर मोजणे आणि शिर उंचावणे

इस्राएलमधील बेरशेबाच्या आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरात, सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमले का, हे पाहताना कोणी ‘एक, दोन, तीन’ म्हणत नाही. स्तोत्रातले ‘होशीआ एत अमेखा’, म्हणजे ‘तुझ्या लोकांना तार’, असे सुरू होणारे दहा शब्दांचे वचन एकेका माणसामागे एकेक शब्द असे म्हटले जाते. माणसांना अंक लावू नयेत, हा संकोच आम्हा बेने इस्राएलींच्या, म्हणजे मराठी यहुद्यांच्या, अंगवळणी पडलेला आहे. म्हणूनच ठाण्याचा माझा मामेभाऊ फोनवर म्हणाला, ‘आपल्या धर्मात मोजणी हेच पाप, मग जातगणनेला पाठिंबा कसा देतोस?’, तेव्हा मला त्याचे म्हणणे उडवून लावता आले नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचे ठरवले, तेव्हापासून आमच्यात हा वाद चालू आहे. मोजल्याने भिंती पक्क्या होतील, असे त्याला वाटते आणि आधाराला तो बायबलमधील दावीद राजाची गोष्ट देतो. सेनापती योआवाने विरोध करूनही दावीदाने शिरगणती करवली. नऊ महिने वीस दिवस माणसे देशभर फिरली आणि त्यांचा शेवटचा मुक्काम होता हेच नेगेवच्या वाळवंटातले बेरशेबा. पुढे मरी आली आणि सत्तर हजार माणसे दगावली.

पण दावीदाच्या हाती आले काय, तर फक्त दोन बेरजा: इस्राएलचे आठ लाख तलवारबहाद्दर आणि यहूदाचे पाच लाख. शमुवेलाच्या ग्रंथातील त्या वृत्तान्तात ना वंशवार आकडे आहेत, ना कुळांची नावे. तेराव्या शतकातील भाष्यकार नाहमानिदीस यांच्या मते गरज नसताना, केवळ मनाच्या समाधानासाठी मोजले, हा दावीदाचा दोष. मलाही तेच पटते.

दावीदाच्या कितीतरी आधी इस्राएली लोकांचा नेता मोशे याने रानात केलेली गणना याच्या अगदी उलट आहे आणि ती तर देवाच्याच आज्ञेने झाली. तिथे वंश, कूळ, घराणे आणि नाव या क्रमाने वीस वर्षांवरील पुरुष मोजले गेले व बेरीज ६,०३,५५० भरली. आज्ञेचे मूळ हिब्रू शब्द आहेत ‘सेऊ एत रोश’, अर्थात ‘शिर उंचावा’. मराठीत आपण ‘शिरगणती’ म्हणतो, तेव्हा शिर येते, पण ते उंचावणे राहून जाते. मोशे व त्याचा भाऊ अहरोन यांच्यापुढे येऊन नावानिशी मोजले जाण्यात प्रत्येकाचा मान होता, असेही नाहमानिदीस सांगतात. निर्गमच्या ग्रंथात मोजल्या जाणाऱ्या प्रत्येकाने अर्धा शेकेल (चांदीचे एक माप) द्यायचा आहे. श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही.

तीही गणना लढाऊ पुरुषांची होती, हे मी नाकारत नाही. परंतु मोशेनेच पुढे रानात केलेल्या दुसऱ्या गणनेनंतर लगेच आज्ञा येते, ती मोठ्या वंशाला मोठे वतन आणि लहान वंशाला लहान वतन देण्याची. इस्राएलच्या वंशांपैकी शिमोनाचा वंश पहिल्या गणनेतील ५९,३०० वरून २२,२०० वर आला, हे कळले ते वंश वेगळे मोजले म्हणूनच. एकूण बेरीज जेमतेम १,८२० ने घटली होती. सर्व जातींचे प्रसिद्ध झालेले शेवटचे आकडे १९३१ चे असताना, एवढ्या मोठ्या देशात कोणाचा शिमोन झाला आहे, हे एका बेरजेवरून कसे कळणार? म्हणून माझा पाठिंबा आहे, मात्र वाटणीच्या हिशेबासाठीच्या गणनेला. निवडणुकीत बळ दाखवण्यासाठी आकडे वापरले, तर ते दावीदाचे मोजणे होईल.

मामेभावाला मी त्याच दुसऱ्या गणनेतली एक ओळ वाचून दाखवली. सलाफहादाला मुलगा नव्हता. पुरुषांच्या त्या यादीत त्याच्या पाच मुलींची नावे मात्र लिहिलेली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. पुढच्याच अध्यायात त्या पाचही जणी मोशेसमोर उभ्या राहून बापाच्या वतनाचा वाटा मागतात आणि देव म्हणतो, त्यांचे म्हणणे रास्त आहे.