हेसमनचे ४३३ होमरन : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकी बेसबॉलपटू माइक हेसमनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की मायनर लीगमध्ये (मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या खालच्या व्यावसायिक स्पर्धांत) ४३३ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारणं म्हणजे नापासांच्या वर्गात पहिला नंबर काढणं. मेजर लीगमध्ये याची सरासरी .१८८ (म्हणजे शंभर संधींत जेमतेम १९ यशस्वी फटके), तेव्हा पद्माकर शिवलकरांसारखा अन्याय झाल्याचं भासवू नका. पंचविशीतच त्याने दुसरा धंदा बघायला हवा होता, असंही तुमचं म्हणणं.

अन्याय झाला असं मी कुठेच म्हटलेलं नाही. शिवलकरांना ५८९ प्रथम श्रेणी बळी घेऊनही एक कसोटी मिळाली नाही. हेसमनला ब्रेव्हज, टायगर्स आणि मेट्स या मेजर लीग संघांकडून मिळून १०९ सामने मिळाले. त्यात १४ होमरन मारले, पण चेंडू बॅटला लागायचाच कमी. वरच्या पिचरांपुढे (म्हणजे गोलंदाजांपुढे) तो कमी पडला, वाद नाही.

'नापासांचा वर्ग' मात्र पटत नाही. हेसमन जिथे खेळला तो टोलेडो मड हेन्स हा डेट्रॉइट टायगर्सचा ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीचा, संघ. तिथे समोर येणारा पिचर गेल्याच आठवड्यात मेजर लीगमध्ये खेळलेला असू शकतो. डेट्रॉइटमध्ये कुणी जखमी झाला की उद्याच्या सामन्याला माणूस टोलेडोतून जातो. ही राखीव फळी क्लब दयेपोटी पोसत नाहीत. दर वर्षी कितीतरी जणांना नारळ मिळतो. त्यात हा १९ मोसम टिकला, २००७ साली इंटरनॅशनल लीग या ट्रिपल-ए स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि पंचविशीचं म्हणाल, तर २००३ मध्ये, ऐन पंचविशीत, ब्रेव्हजनी त्याला पहिल्यांदा वर बोलावलं. तेव्हा कोण सोडेल?

तुमच्या टीकेत एक खरा मुद्दा दडलाय. हा विक्रमच विचित्र आहे. जो चांगला मारतो तो वर जातो, मग विक्रम उरतो खाली राहिलेल्याच्या नावावर. ऑगस्ट २०१५ मध्ये ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर धावपटू असताना मारलेला होमरन) मारून हेसमनने बझ आर्लेट या जुन्या खेळाडूचा ४३२ होमरनचा विक्रम ओलांडला. (मेक्सिकन लीग धरली तर हेक्टर एस्पिनो पुढे आहे, हे कुणी काढायच्या आत सांगून टाकतो.)

राहिला धंद्याचा प्रश्न. हेसमनसारख्या मुरलेल्यांचं बरं चालायचं. २०११ मध्ये तो जपानला ओरिक्स बफेलोजकडे गेला, निवृत्तीनंतर टायगर्सच्याच व्यवस्थेत फलंदाजी प्रशिक्षक झाला. हाल व्हायचे ते तळातल्या पोरांचे. पगार मोसमापुरताच, सरावशिबिराचे पैसे नाहीत, आणि २०१८ मध्ये तर अमेरिकी संसदेने कायदा करून क्लबांना किमान वेतनाच्या नियमांतून बरीच सूट दिली. खेळाडू २०२२ मध्ये युनियनमध्ये आले, तेव्हा कुठे २०२३ च्या करारात ट्रिपल-एचं किमान वेतन वर्षाला ३५,८०० डॉलर झालं. टीका करायचीच तर ती या हिशेबावर करा, मी तुमच्या बाजूने लिहीन.